माझा यांत्रिक कारकून

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें, असा आमच्या गणिताच्या जुन्या मास्तरांचा निरोप आला, तेव्हां प्रथम मीं तो टाळण्याचाच प्रयत्न केला. संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या माणसाजवळ विद्यार्थ्यांस सांगण्यासारखें असतें तरी काय! परंतु मास्तरांनीं पिच्छा सोडला नाहीं. ते म्हणाले, "मुलें विचारतात कीं, हल्लीं यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतें, तर आम्हीं ती विद्या शिकावी तरी कशाला? पालक विचारतात कीं, तिच्यासाठीं फी भरावी कीं भरूं नये? तूं तर रोज तेंच काम करतोस. त्या यंत्राचा तुला अजून कांहीं उपयोग होतो, कीं पहिली हौस फिटली, एवढें खरें खरें लिही." प्रश्न सरळ होता, आणि त्याचें उत्तर मला पुण्याच्या कचेरींत नव्हे, तर आपल्या खामगांवच्या कापसाच्या बाजारांत मिळालें असल्यामुळें, तें ह्या अंकाच्या वाचकांस सांगण्यास हरकत नाहीं, असें मला वाटलें.

हा मदतनीस म्हणजे काय, तें आधीं थोडक्यांत सांगतों. प्रोग्रॅम म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची यादी. त्या आज्ञा विशिष्ट भाषेंत व विशिष्ट व्याकरणानें लिहाव्या लागतात. एखादें चिन्ह चुकलें तरी संगणक हटून बसतो. जगभरच्या लोकांनीं लिहिलेल्या अशा कोट्यवधि ओळी आणि त्यांसोबत इतर अफाट मजकूर वाचवून कांहीं कंपन्यांनीं अशीं यंत्रें तयार केलीं आहेत कीं, आपणांस काय हवें तें साध्या वाक्यांत सांगितलें, म्हणजे पुढें कोणती ओळ येणें संभवनीय आहे हें अजमावून तीं प्रोग्रॅम लिहून देतात. २०२१ च्या जून महिन्यांत गिटहब ह्या कंपनीनें 'कोपायलट' नांवाचा असा मदतनीस प्रथम निवडक लोकांस वापरावयास दिला. पुढील वर्षीं तो सर्वांस खुला झाला. आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' बाहेर पडल्यावर तर ही गोष्ट घरोघरीं पोंचली. वर मीं 'संभवनीय' असा शब्द योजला आहे, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्या पहिल्या दिवसांतील नवल मला अजून आठवतें. तारखांचा हिशेब करणारा एक किचकट भाग लिहावयाचा होता. मीं वर एका ओळींत माझा हेतु लिहिला आणि चहाचा कप उचलला, तोंच खालीं पंधरा ओळी उमटल्या. आणि त्या बरोबर होत्या! शेजारच्या सहकाऱ्यास मीं हांक मारली. त्या दिवशीं आम्हीं काम थोडें आणि गंमतच अधिक केली. घरीं येऊन पत्नीस म्हणालों, "आतां माझी नोकरी फार तर दोन वर्षांची." ती म्हणाली, "मग घराचे हप्ते काय तो कोपायलट भरणार?" असो. दोन वर्षें केव्हांच होऊन गेलीं. नोकरी आहे आणि हप्तेही आहेत.

आज माझ्या मेजावरील संगणकांत हा कारकून दिवसभर हजर असतो. मी त्याला कारकूनच म्हणतों, कारण त्याची योग्यता व त्याची मर्यादा ह्या शब्दांत बरोबर सांपडते. एका विमा कंपनीचा वीस वर्षांपूर्वींचा भला मोठा प्रोग्रॅम सांभाळणें, हें माझें काम. त्यांतील एखादा भाग दुसऱ्या कोणी तरी फार पूर्वीं लिहिलेला असतो; तो उलगडून सांगण्यांत हा कारकून मोठा हुशार आहे. विसरलेलें व्याकरण तो आठवून देतो. त्याच त्या ठराविक ओळी लिहिण्याचा कंटाळा तो करीत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां विचारलेल्या वेडगळ प्रश्नावरही तो वसकन् अंगावर येत नाहीं, आणि हा गुण कांहीं लहान नव्हे. परंतु आमच्या प्रोग्रॅममध्यें एका ठिकाणीं फेब्रुवारी महिन्यासाठीं निराळाच हिशेब मांडलेला आहे. कारकून दर वेळीं ती ओळ कोणाच्या तरी अनवधानाची समजून काढून टाकावयास सुचवितो. ती ओळ तेथें कां आहे, हें निवृत्तीस टेकलेल्या आमच्या एका सहकारिणीस तेवढें ठाऊक आहे. कोणत्याही कागदावर तें लिहिलेलें नाहीं. जें कोठेंच लिहिलेलें नाहीं, तें ह्या कारकुनानें वाचावें कसें?

हा केवळ माझाच अनुभव आहे असें नाहीं. कोपायलट नवा असतां त्याची एक परीक्षा घेण्यांत आली होती. ९५ प्रोग्रॅमरांस एक लहानसें, अगदीं नवें काम दिलें. ज्यांच्या हाताशीं कोपायलट होता, त्यांना इतरांपेक्षां जवळजवळ ५६ टक्के कमी वेळ लागला. पुढें २०२५ सालीं अमेरिकेंतील 'मीटर' नांवाच्या संस्थेनें उलट बाजूनें प्रयोग केला. १६ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले, आणि त्यांना स्वतःच्याच जुन्या, मोठ्या, वर्षानुवर्षें हाताळलेल्या प्रोग्रॅममधील २४६ कामें दिलीं. कोणत्या कामांत यंत्राची मदत घ्यावयाची व कोणत्यांत नाहीं, तें चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें ठरविलें. आपला वेळ २४ टक्के वांचेल, असें त्या लोकांचें भाकीत होतें. प्रत्यक्षांत मदत घेतलेल्या कामांस १९ टक्के वेळ अधिक लागला. मौज पुढेंच आहे. सर्व कामें संपल्यावर त्यांना विचारलें, तेव्हांही ते म्हणाले कीं, आमचा २० टक्के वेळ वांचला! ओळी भराभर उमटतांना पाहून मनुष्यास वेगाचा भास होतो. त्या ओळी वाचण्यांत, पारखण्यांत व दुरुस्त करण्यांत गेलेला वेळ त्याच्या हिशेबांत धरलाच जात नाहीं. हा प्रयोग थोड्या लोकांवर झाला, आणि यंत्रें तेव्हांपासून सुधारत आलीं आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं 'स्टॅक ओव्हरफ्लो' ह्या प्रोग्रॅमरांच्या प्रसिद्ध संस्थळानें केलेल्या पाहणींत शंभरांपैकीं ८४ जण अशीं साधनें वापरीत होते किंवा वापरण्याच्या विचारांत होते. पण त्यांच्या उत्तरांच्या अचूकपणावर भरंवसा ठेवणारे अवघे ३३, आणि न ठेवणारे ४६. मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. भरंवसा नसलेल्या माणसाकडूनही आपण काम करून घेतोंच. फक्त पाठ फिरवीत नाहीं.

मीं मात्र एकदां पाठ फिरविली. तीच हकीकत आतां सांगतों.

२०२४ च्या दिवाळींत मी खामगांवीं घरीं गेलों होतों. आमचे वडील चाळीस वर्षें एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. आतां वय झालें आहे, पण बोटांच्या पेरांवर हिशेब करण्याची संवय सुटलेली नाहीं. खामगांवचें आणि कापसाचें नातें जुनें. १८७० सालीं जलंबपासून खामगांवापर्यंत रेल्वेचा फांटा आला, तो कापसाच्या पायींच. अशा गांवांत वाढलेल्या मुलास रुई, सरकी आणि गठाण हे शब्द बाराखडीबरोबरच येतात. वडिलांच्या ओळखीच्या एका लहानशा जिनिंगवाल्यानें मला गळ घातली कीं, शेतकऱ्यास द्यावयाची हिशेबपट्टी काढणारा एक प्रोग्रॅम करून दे. पट्टींत वजन, भाव, हमाली वगैरे बाबी सरळ होत्या. खरी गोम ओलाव्याची. पावसाळा सरतां सरतां वेचलेल्या कापसांत पाणी असतें, आणि पाण्यास कापसाचा भाव कोण देणार? सरकारी हमीभावानें खरेदी करणाऱ्या कापूस महामंडळाचीही रीत अशी कीं, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव द्यावयाचा, पुढें १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणांत कपात करावयाची, आणि त्याहून ओला कापूस घ्यावयाचाच नाहीं. आमचा जिनिंगवालाही त्याच रीतीनें चालत असे.

मीं कारकुनास सांगितलें, "आठ टक्क्यांच्या वर ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यास भावांत एक टक्का कपात कर." त्यानें क्षणांत लिहून दिलें. मग, आमच्या धंद्याची शिस्त म्हणून, मीं त्याला प्रोग्रॅमच्या तपासण्याही लिहावयास सांगितल्या. त्यानें ८, ९, १०, १२ आणि १३ टक्के ओलाव्याचीं उदाहरणें मांडलीं. सर्व उत्तरें बरोबर आलीं. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली. दोन संध्याकाळींत काम झालें म्हणून मी स्वतःवर खूष होतों. घरीं चकल्या होत्या, बालमित्र भेटावयास आले होते. लिहून आलेल्या ओळी मीं वरवर पाहिल्या, वाचल्या मात्र नाहींत.

पाडव्यानंतर खरेदी सुरू झाली आणि प्रोग्रॅममधून पट्ट्या निघूं लागल्या. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं वडील ओट्यावर बसले होते. मुलाचें कसब पहावें म्हणून जिनिंगवाल्याकडून त्यांनीं कांहीं पट्ट्यांच्या नकला मागून आणल्या होत्या. त्यांनीं मला हांक मारली.

"वीस क्विंटल कापूस. भाव सात हजार. ओलावा नऊ पूर्णांक दोन. किती कापलेस?"

मीं पट्टीवर पाहून सांगितलें, "दोन हजार आठशें."

"कां?"

मला उत्तर सुचेना. ते म्हणाले, "आठाच्या वर एक पूर्णांक दोन. एक लाख चाळीस हजारांवर एक टक्का म्हणजे चौदाशें, आणि त्याचा पांचवा हिस्सा दोनशें ऐंशी. सोळाशें ऐंशी झाले. वरचे अकराशें वीस कोणाचे?"

मीं आंत जाऊन प्रोग्रॅम उघडला. चूक एकाच शब्दांत होती. उरलेला अपूर्णांक वर ढकलून पुढचा पूर्ण अंक धरावा, अशी आज्ञा कारकुनानें घातली होती. म्हणून एक पूर्णांक दोनचे दोन झाले. 'प्रत्येक टक्क्यास' ह्या माझ्या शब्दांचा असाही अर्थ होतो, हें नाकारतां येत नाहीं. हॉटेलांतील खोलीचें किंवा वाहनतळाचें भाडें असेंच आकारतात. तास सुरू झाला कीं पूर्ण तासाचे पैसे. जगांतील असंख्य प्रोग्रॅममध्यें ही तऱ्हा आहे, म्हणून त्याच्या दृष्टीनें तीच संभवनीय. कापसाच्या बाजारांत अपूर्णांक अपूर्णांकच राहतो, हें त्यास कोणी सांगितलें होतें? आणि तपासण्या? त्या त्यानेंच काढलेल्या, तेव्हां त्यांत सगळे पूर्णांकच आले. ज्या जागीं त्याची नजर पोंचली नाहीं, तेथें त्याच्या प्रश्नपत्रिकेची तरी कशी पोंचावी? वडिलांस हें समजावून सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे पेपर काढणारा तोच, सोडविणारा तोच, आणि तपासणाराही तोच. तूं काय करीत होतास?"

तीन दिवसांत अशा एकोणीस पट्ट्या चुकल्या होत्या. जिनिंगवाला भला माणूस. त्यानें एका शब्दानें कुरकुर न करतां प्रत्येकाचा फरक काढून देण्याचें ठरविलें. बहुतेक शेतकऱ्यांस फोन करून बोलावून घेतलें. वीस क्विंटलवाल्याचा फोन कांहीं लागेना. तेव्हां दुसऱ्या दिवशीं मी आणि वडील मोटारसायकलवरून पूर्णाकांठच्या त्याच्या खेड्यास गेलों. वाटेंत वडील एक अक्षर बोलले नाहींत.

तो मनुष्य वडिलांच्याच वयाचा होता. त्यानें आम्हांस बाजेवर बसविलें, चहा करावयास सांगितला. मीं अकराशें वीस रुपये त्याच्या हातांत ठेवले आणि हिशेबांत चूक झाली होती असें सांगितलें. त्याला आश्चर्य वाटलें नाहीं. कपात जास्त झाल्याचें त्याला त्याच दिवशीं जाणवलें होतें. रात्रीं नातीकडून त्यानें आंकडेमोडही करून घेतली होती. मग बाजारांत येऊन विचारलें कां नाहीं, असें मीं म्हटलें. तो म्हणाला, "मशीनची चिठ्ठी व्हती बाप्पा. तिच्याशी काय भांडाचं?"

हें वाक्य मी अजून विसरलों नाहीं. दिवाणजीच्या हातच्या पट्टीवर तोच मनुष्य तासभर वाद घालीत उभा राहिला असता, हें वडिलांनीं परततांना मला सांगितलें; त्यांनीं तसे वाद जन्मभर ऐकले होते. यंत्राच्या अक्षराशीं मात्र तो भांडला नाहीं. आणि मला तरी काय म्हणावें, मीही भांडलों नव्हतों. त्याची नात कितवींत आहे, तें विचारावयाचें राहून गेलें. त्या तीन दिवसांत तो हिशेब करून पाहणारी, आमच्या वडिलांव्यतिरिक्त, ती एकटीच.

आतां वाचकांस वाटेल कीं, इतकें झाल्यावर मीं त्या कारकुनास रजा दिली असेल. तसें कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या सकाळीं त्याच्याच मदतीनें मीं प्रोग्रॅम दुरुस्त केला. असाच अपूर्णांक वर ढकलण्याचा प्रकार आणखी कोठें झाला आहे काय, हें त्याला विचारतांच त्यानें हमालीच्या हिशेबांतील एक जागा मिनिटाच्या आंत काढून दिली. मला ती शोधावयास अर्धी सकाळ लागली असती. एक गोष्ट मात्र तेव्हांपासून बदलली. तपासणीचीं उदाहरणें मी स्वतः मांडतों, आणि त्यांचीं उत्तरें प्रोग्रॅम चालविण्यापूर्वीं मनुष्याच्या हातानें कागदावर काढलेलीं असतात. त्या सकाळीं ८, ८.१, ९.२, ११.९५, १२ आणि १२.१ ह्या सहा ओलाव्यांचीं उत्तरें वडिलांनीं वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दिलीं. तें पान मीं पुण्यास आणलें आहे.

तेव्हां मास्तरांच्या पहिल्या प्रश्नास माझें उत्तर असें कीं, होय, उपयोग होतो, रोज होतो, उद्यां तो काढून घेतला तर मी चरफडेन. पण पूर्वीं माझा दिवस लिहिण्यांत जात असे, तो आतां दुसऱ्याचें लिहिलेलें वाचण्यांत जातो. आणि वाचण्याचें काम लिहिण्यापेक्षां सोपें आहे असें ज्यास वाटतें, त्यानें एकदां वर्गाच्या साठ वह्या तपासून पहाव्या.

दुसरा प्रश्न फीचा. तो आमच्या घरांतही उठला होता. माझा पुतण्या तेव्हां बारावींत होता, आणि शेगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाची शाखा घ्यावी असें त्याच्या मनांत होतें. दादानें मला बाजूस घेऊन विचारलें, "चार वर्षांचा खर्च आहे. यंत्रच लिहिणार असेल तर हा काय करील?" खोटा धीर देणें मला जमलें नाहीं. आमच्या कचेरींत पूर्वीं नवशिक्यांस जीं बारीकसारीक कामें देत असूं, तीं बरीचशीं आतां कारकुनाकडे जातात. त्यामुळें पहिली पायरी पूर्वींपेक्षां उंच झाली आहे. नुसतें प्रमाणपत्र मिळवून, यंत्राकडून ओळी घ्यावयाच्या आणि पुढें ढकलावयाच्या, एवढाच बेत असेल, तर फी न भरलेलीच बरी. तें काम करावयास मनुष्य ठेवण्याचें कोणास कारण उरलेलें नाहीं. परंतु अकराशें वीस रुपये कोणाचे, हा प्रश्न ज्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, अशा मुलास शिकवावें. दादा म्हणाला, "हा तसा आहे कीं नाहीं, तें कसें ओळखावें?"

म्हणून मीं पुतण्यास संगणकापुढें बसविलें, मदतनीस बंद करून ठेवला, आणि ओलाव्याच्या कपातीचा तेवढाच भाग त्याला स्वतः लिहावयास सांगितला. जें काम कारकुनानें क्षणांत केलें होतें, त्यास त्याला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशीं तो रडकुंडीस आला. "काका, त्याला एकदां विचारूं द्या ना," असें दोनदां म्हणाला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं जेवण्यास चार वेळां हांक मारली तरी उठला नाहीं. संध्याकाळीं त्यानें आपला प्रोग्रॅम आजोबांस दाखविला. वडिलांनीं वहीचें पान शेजारीं घेतलें आणि एकेक आंकडा विचारूं लागले. आठ बरोबर. आठ पूर्णांक एक बरोबर. नऊ पूर्णांक दोनला पैसे चोख सोळाशें ऐंशी कापले गेले. बारावर येतांच प्रोग्रॅमनें कापूस घेण्याचें नाकारलें.

"बारा म्हणजे बारा," वडील म्हणाले, "बाराच्या वर कोठें गेला?"

पुतण्यानें पडद्याकडे पाहिलें, मग पानाकडे पाहिलें. "थांबा आजोबा," असें म्हणून त्यानें खुर्ची पुन्हां पुढें ओढली.